मल्लिकार्जुनची अमेरिका

घाटनांदुरात मल्लिकार्जुनशी ज्याचं भांडण झालेलं नाही असा माणूस शोधायचा, तर त्याच दिवशी गावात उतरलेला पाहुणा धरावा लागेल, आणि तोही संध्याकाळपर्यंतच. भांडायला त्याला कारण लागत नसे. गिऱ्हाईक दुकानात शिरलं, की ते चुकीचे कागद घेऊन आलंय हे धरूनच तो बोलायला सुरुवात करी. पीक विम्याचा अर्ज भरायला आलेल्या म्हाताऱ्याला म्हणे, "अंगठा नीट ठेव बे, शेण थापायलास का?" म्हातारं मुकाट्यानं अंगठा पुसून पुन्हा ठेवी, कारण बाजारपेठेच्या त्या ओळीत ऑनलाइन कामाचं दुसरं दुकान नव्हतं आणि मल्लिकार्जुनच्या हातून गेलेला अर्ज सहसा परत येत नसे.

येत होतं त्याला, यात वाद नाही. काही वर्षांमागं कुण्या लग्नाच्या फोटोवाल्याच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि त्यानं दुकानातलं सगळं धुऊन नेलं, तेव्हा या गड्यानं चिडून पाचही मशिनींवरचं विंडोज पुसून लिनक्स बसवलं. कुणाला विचारलं नाही, कुठं क्लास लावला नाही. एका मशिनीवर बसवलं, मनासारखं केलं आणि त्याची नक्कल बाकीच्या चौघींवर उतरवली. तेव्हापासून विंडोज वापरणाऱ्याकडे तो अशा नजरेनं बघे, जशी त्याची आई कोंबडी खाणाऱ्याकडे बघायची. घर पक्कं लिंगायत, त्यामुळे ती नजर साधी नव्हती.

आईला घरात अव्वा म्हणत. नाव महादेवी. तिला दोन मुलगे. हा थोरला आणि राजेश्वर धाकटा. बाप असताना दोघं एकाच ताटात जेवत. राजेश्वरला संगणक शिकवला तो मल्लिकार्जुननंच. त्याचं बोट धरून एकेक कळ दाबून घेतली, आणि चुकला की त्याच बोटावर फुटपट्टीही मारली. पुढं गावात इंटरनेटची लाइन आली. कंपनीला गावात एक माणूस हवा होता. मल्लिकार्जुननं आपल्यालाच मिळणार हे धरून भिंतीला रंगसुद्धा दिला. कंपनीचा साहेब येऊन त्याच्याशी थोडा वेळ बोलला, आणि एजन्सी राजेश्वरला देऊन गेला. साहेबाचं काही चुकलं नाही. दारोदार जाऊन लोकांशी बोलायचं काम होतं, आणि मल्लिकार्जुन बोलायला लागला की लोक उठून जात.

त्या दिवसापासून भावाभावांची बोलचाल बंद झाली. पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या. रस्त्याला लागून असलेल्या घराचे दोन भाग पडले, दोन्हीकडे पुढं दुकान आणि मागं राहणं, मधे बापाच्या हातची दगडी भिंत. त्या भिंतीत माजघराच्या अंगाला एक दार होतं. वाटणीत अव्वानं दागिना मागितला नाही, जमीन मागितली नाही. तेवढं दार ठेवा म्हणाली.

तिचं सगळं जगणंच त्या दारातून चाले. सकाळची पूजा आणि न्याहारी थोरल्याकडे, संध्याकाळची भाकरी आणि झोप धाकट्याकडे. जाता-येता निरोपही तीच नेई. मल्लिकार्जुन आपल्या माजघरात उभा राहून म्हणे, "त्याला सांग, गटार तुंबलंय." राजेश्वरला ते भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू जाई, तरी तो वाट बघत बसे. अव्वा गुडघ्यावर हात टेकत उठे, दार ओलांडे आणि सांगे, "गटार तुंबलंय म्हणतो." मग राजेश्वर म्हणे, "सांग, बघतो." ती परत फिरे. सगळ्या गल्लीला हा प्रकार माहीत होता आणि कुणालाही त्याचं हसू येईनासं झालं होतं.

आता पंचाईत अशी, की ऑनलाइन दुकानाला इंटरनेट लागतं आणि इंटरनेट भावाकडेच. मल्लिकार्जुननं त्यातूनही मान वाचवला. जोडणी अव्वाच्या नावावर घ्यायला लावली, म्हणजे तो भावाचं नेट वापरत नव्हता, आईचं वापरत होता. राजेश्वर तार ओढून द्यायला तयार होता. "त्याची तार माझ्या घरात नको," असं यानं कळवलं. हवेतून येतं ते चालेल, कारण हवा काय कुणाच्या बापाची नाही. म्हणून भिंतीच्या पलीकडे राजेश्वरचा राउटर आणि अलीकडे याच्या पाच मशिनी, मधे दीड हात दगड, असा तो संसार चालला होता.

दगडातून सिग्नल येतो, पण रडत येतो. काही दिवस मल्लिकार्जुनचं नेट सारखं अडकायचं आणि तो भिंतीकडे तोंड करून एजन्सीचा, कंपनीचा आणि भिंत बांधणाऱ्याचाही उद्धार करायचा. भिंत बापानं बांधली होती हे त्याच्या ध्यानात राहत नसे.

आणि एका सकाळी नेट अडकलं नाही, गेलंच. गेलं म्हणजे कसं, तर मशिनीच्या यादीत रामहरी कापडवाल्याचं वायफाय दिसतंय, समोरच्या मेडिकलचं दिसतंय, पतसंस्थेचं दिसतंय. राजेश्वरचं तेवढं नाही. पाचही मशिनींवर तीच गत. मल्लिकार्जुननं सगळी बंद करून पुन्हा चालू केली. मग बायकोचा मोबाइल घेतला. ईश्वरीच्या मोबाइलवर राजेश्वरचं वायफाय ठळक दिसत होतं आणि नेट पळत होतं, इतकं की कधी नव्हे ते पळत होतं.

झालं, एवढं त्याला पुरे होतं. गल्लीत सगळ्यांना चालू आणि याच्याच मशिनींना बंद, म्हणजे कुणीतरी ठरवून केलंय, आणि कुणी ते सांगायला नको. त्यानं माजघरात येऊन अव्वाला हाक मारली आणि भावाला ऐकू जाईल अशा आवाजात निरोप दिला, "त्याला सांग, म्हातारीच्या नावावरचं नेट तोडायला लाज वाटू दे."

अव्वा गेली आणि बऱ्याच वेळानं आली. खाली बसत म्हणाली, "त्यो म्हणतो, म्या काय तोडलं न्हाई. तुजं मशीन तपास म्हणतो."

याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही राजेश्वरला सुचलं नसतं. ज्याचं बोट धरून शिकवलं तो मशीन तपासायला सांगतो! मल्लिकार्जुनच्या कानशिलाच्या शिरा टरारल्या. अव्वा पुढं म्हणत होती, "आन् त्यो म्हणतो, तुजं सारखं अडकतंय म्हणून त्यानं तुज्यासाटी कायतरी नंबर बदललाय, तेरा का किती..." पण मल्लिकार्जुननं हात वर करून तिला थांबवलं.

"बास. त्याची वकिली करू नको. ज्याच्याकडं झोपती त्याचंच बोलती तू."

अव्वानं त्याच्याकडे बघितलं. ती उठून दारातून पलीकडे गेली, आणि त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आतच गेली.

यानंतरचे दिवस वाईट गेले. मोबाइलवरही राजेश्वरचं वायफाय घ्यायचं नाही असा त्याचा हट्ट, दगडी दुकानात मोबाइलची रेंज जेमतेम, ईश्वरीचा मोबाइल दारात टांगून त्यावर एकेक अर्ज भरायचा, साइट लोड होईस्तोवर गिऱ्हाइकावर खेकसायचं. दोघंतिघं उठून स्टँडकडच्या दुकानात गेले. त्यातला एक जाताना राजेश्वरच्या दुकानापाशी थांबून काहीतरी हसला, असं मल्लिकार्जुनला दिसलं. तो माणूस खरं तर चप्पल सारखी करत होता. पण रागानं भरलेल्या डोळ्यांना सगळं एकच दिसतं, आणि मल्लिकार्जुनचे डोळे जन्मापासून भरलेलेच होते.

त्याच आठवड्यात अव्वाच्या भावाला बरं नव्हतं म्हणून ती धर्मापुरीला माहेरी गेली. ती बसमध्ये चढली आणि इकडे मल्लिकार्जुन भारत गवंड्याकडे गेला. भारत त्या घरातलं सगळं जाणून होता. माजघरातलं दार विटांनी बुजवायचंय म्हटल्यावर त्यानं विचारलं, "म्हातारी कुटून जाईल मग?" मल्लिकार्जुननं सांगितलं, की तुला विटा लावायला बोलावलंय, पंचायत करायला नाही. ईश्वरीनं मात्र तोंड उघडलं. ती म्हणाली, "अवो, भांडण नेटचं हाय ना? मग दार कावून बुजवायलेत?" त्यानं माझं बंद केलं, मी त्याचं बंद करतो, एवढाच हिशेब मल्लिकार्जुनच्या डोक्यात होता. त्या दोन्हींत अव्वाचंच जात होतं हे त्याला दिसलं नाही, किंवा दिसूनही त्यानं बघितलं नाही. मला विचाराल तर दिसूनही बघितलं नाही, हेच खरं.

भारतनं खाली मान घालून काम केलं. सिमेंटचा वास दोन्हीकडे पसरला. पलीकडे राजेश्वरच्या घरातली बोलणी थांबली, पण कुणी ओरडलं नाही, कुणी विचारायला रस्त्यानंही आलं नाही. मल्लिकार्जुन आपल्या बाजूला उभा राहून वाट बघत होता, की आता येईल, आता तोंड उघडेल. शेवटची वीट बसली तरी पलीकडून काही आलं नाही, आणि त्यामुळे तो आणखीच चिडला.

अव्वा परत आली ती नेहमीसारखी आधी थोरल्याकडे. हातपाय धुतले, पाणी प्याली, भावाची तब्येत सांगितली. मग पिशवी उचलून माजघरात गेली. मल्लिकार्जुन दुकानातून उठून आत गेला, तेव्हा ती ओल्या सिमेंटसमोर उभी होती, आणि एक हात सवयीनं कडीच्या उंचीला धरलेला होता.

"रस्त्यानं ये-जा कर आता," तो म्हणाला. "रस्ता काय बंद न्हाई."

अव्वा रडली नाही, तिनं शिव्याही दिल्या नाहीत. "बरं," म्हणाली. पिशवी घेऊन दुकानातून बाहेर पडली, गिऱ्हाइकांच्या देखत रस्त्यावर उतरली आणि राजेश्वरच्या पायऱ्या चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीनं पूजेचं मांडलं, न्याहारी झाकून ठेवली. अव्वा आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिचं पूजेचं सामान ईश्वरीच पलीकडे देऊन आली, आणि परत आल्यावर दिवसभर नवऱ्याशी कामापुरतंही बोलली नाही.

मल्लिकार्जुनला वाटलं, लोकांना खरं कळलं की अव्वाही वळेल. म्हणून तो समाजातल्या शिवशंकरअप्पांकडे गेला. अप्पा वयानं मोठे, लग्नकार्यात आणि भांडणात लोक त्यांना मधे घालत. त्यानं सगळं सांगितलं: भावानं नेट तोडलं, आईला फितवलं, वर मलाच मशीन तपासायला सांगतो. अप्पांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की तोडल्याचा पुरावा काय? चार लोकांत बसायचं तर काहीतरी दाखवावं लागेल. "दाखवतो," मल्लिकार्जुन म्हणाला. "असं दाखवतो की त्याला गावात तोंड काढायला जागा राह्यची न्हाई."

दुपारी दुकान अर्धं ओढून तो कामाला बसला. राग आला की त्याचं डोकं चांगलं चाले, आणि त्या दुपारी ते फारच चांगलं चाललं. आधी ईश्वरीच्या मोबाइलवर त्यानं आजूबाजूची सगळी वायफाय त्यांच्या नंबरांसकट काढली. वायफाय हवेतून चालतं, पण मोकाट नाही. त्याला नंबर लावलेल्या वाटा असतात. कापडवाला एक नंबरवर, मेडिकल सहावर, पतसंस्था सहावर, बाकी गल्ली अकरावर दाटीवाटीनं. राजेश्वर एकटा तेरावर. तिथं दुसरं कुणी नव्हतं. आपलं सारखं अडकायचं ते त्या गर्दीनं, हे त्याच्या लक्षात आलं, आणि अव्वाचं अर्धं राहिलेलं बोलणं कानात वाजलं. त्यानं ते झटकलं. पुरावा काढायचा होता.

मग त्यानं आपल्या मशिनीला विचारलं, की तुला कुठकुठल्या वाटा दिसतात? काळ्या पडद्यावर ओळी सरकल्या. एक ते अकरा चालू. बारा, बंद. तेरा, बंद.

मल्लिकार्जुन पुढं सरकला. भावाला याच्या मशिनीतली वाट बंद करता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं आणखी एक आज्ञा दिली, मशीन स्वतःला कुठल्या देशात समजते ते विचारणारी. लिनक्सला देश सांगावा लागतो, आणि एकदा सांगितला की ते त्या देशाचा कायदा इमानानं पाळतं. आपल्या देशात तेरापर्यंतच्या वाटा खुल्या आहेत. अमेरिकेत अकरापर्यंतच.

मशिनीनं उत्तर दिलं, की मी अमेरिकेत आहे.

कुणी केलं हे, असं रागानं म्हणायला त्यानं तोंडही उघडलं, आणि मग त्याला आठवलं. वाटण्या झाल्यानंतरचे पहिले दिवस होते ते. भिंतीतून सिग्नल धड येत नव्हता. राउटर जरा भिंतीजवळ सरकव, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते म्हणायचं कुणी? त्यानं कुठंतरी वाचलं होतं, की देश अमेरिका ठेवला की कार्ड जास्त जोर लावतं. म्हणून त्यानं मशीन सुरू होतानाच्या फायलीत एक ओळ आपल्या हातानं लिहिली आणि घाटनांदूर अमेरिकेत नेऊन ठेवलं. मग त्याच मशिनीची नक्कल बाकी चौघींवर उतरवली. भावाला एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून त्यानं देश बदलला होता.

त्यानं ती ओळ खोडली. यूएस काढून आयएन लिहिलं आणि मशीन पुन्हा सुरू केली.

यादीत राजेश्वरचं वायफाय सगळ्यांत वर आलं. मल्लिकार्जुननं कळांवर बोटं ठेवली, पासवर्ड बदलला असेल, आता विचारील, म्हणून. मशिनीनं काही विचारलं नाही. जुना पासवर्ड तसाच होता, ती आपली आपण जोडली गेली आणि नेट पळायला लागलं. दार बुजवून झालं होतं, आईला रस्त्यावर काढून झालं होतं, तरी पलीकडच्यानं पासवर्ड बदलला नव्हता. बदलायला त्याला एक मिनिट पुरलं असतं.

मल्लिकार्जुनला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा भयंकर राग आला. त्यानं खुर्ची लाथेनं सारली. अप्पांकडे जाऊन काय सांगणार? राजेश्वरला काय सांगणार? दुकानातून उतरून डावीकडे वळलं की राजेश्वरच्या पायऱ्या. तिथं काउंटरपाशी कायम चार माणसं उभी असतात. त्यांच्या देखत पायऱ्या चढायच्या आणि म्हणायचं, की माझीच चूक झाली. त्यापेक्षा दगड फोडणं सोपं होतं.

म्हणून त्यानं पहार घेतली आणि माजघरात गेला. ईश्वरी धावत आली. काय करायलेत, असं तिनं विचारलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून बाजूला झाली. सिमेंट वाळून घट्ट झालं होतं. भारतनं काम चोख केलं होतं, त्याबद्दलही मल्लिकार्जुननं त्याला शिव्या घातल्या. एकेक वीट खिळखिळी करत, हात सोलून घेत तो फोडत राहिला. दार उघडलं की अव्वा येईल, मग तिलाच म्हणता येईल, त्याला सांग, की नेट चालू झालंय. बाकीचं राजेश्वर समजून घेईल. हे सगळं त्यानं मनाशी जुळवलं होतं.

वरच्या विटा निघाल्या आणि भगदाड पडलं. त्यानं हात आत घातला. बोटांना हवा लागली नाही, पत्रा लागला. आणखी दोन विटा काढल्या, तेव्हा दिसलं. पलीकडून दाराच्या जागेवर गोदरेजचं कपाट लावलं होतं आणि त्याची पाठ दारभर उभी होती. राजेश्वरनं दार पुन्हा उघडायची वाट बघितली नव्हती, कपाटाला जागा केली होती.

मल्लिकार्जुननं पहारेचं टोक पत्र्यावर आपटलं. आवाज घरभर घुमला. पलीकडे काहीतरी हललं, आणि कपाटामागून अव्वाचा आवाज आला.

"कोन हाय?"

"मी हाय, अव्वा. मल्लू." त्याचा घसा विटांच्या धुळीनं बसला होता. "दार फोडलंय म्या. त्याला सांग, कपाट सरकव म्हणावं."

पहिल्यांदाच असं झालं, की त्यानं निरोप दिला आणि तो घेऊन कुणी उठल्याचा, गुडघ्यावर हात टेकल्याचा आवाज आला नाही.

"म्या न्हाई सांगत आता," अव्वा म्हणाली. "तुला काय सांगायचं ते रस्त्यानं येऊन सांग. रस्ता काय बंद न्हाई."

मल्लिकार्जुन तिथून दुकानात आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. नेट जोरात चालू होतं. डावीकडे राजेश्वरच्या काउंटरपाशी माणसं जमली होती, आणि आवाज ऐकून त्यातले दोघंतिघं मान वळवून याच्याकडेच बघत होते. राजेश्वर बघत नव्हता. मल्लिकार्जुनच्या हातात अजून पहार होती. ती खाली ठेवून त्या पायऱ्यांकडे जायचं, की तिच्यासकट आत परतायचं, हे दिवेलागण झाली तरी त्याला ठरवता आलं नाही.